बंब पोचेपर्यंत : हर्णेच्या किनाऱ्यावर काय करायचं, काय टाळायचं

मुंबईत भायखळ्याला अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे. तिथे वर्दी आली की घंटा वाजते आणि जवान धावत गाडीत चढतात. प्रसंग कसा आहे ते पाहून मागून बचाव साहित्याची व्हॅन, श्वसन उपकरणांची गाडी, उंच शिडी, घातक रसायनांसाठीची गाडी निघते. शहरभर अशी तीसहून अधिक केंद्रं आहेत. एक गाडी वाहतुकीत अडकली तर दुसऱ्या बाजूने दुसरी येते. हर्णेतल्या जवळपास प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी मुंबईत राहून आलेलं असतं. त्यामुळे आग लागली की बंब येतो, हे सगळ्यांच्या मनात पक्कं बसलेलं आहे.

हर्णे मात्र ग्रामपंचायतीचं गाव आहे. इथे बंब यायचा तो दापोलीहून, साधारण सोळा किलोमीटरवरून, आसूदच्या वळणांच्या अरुंद रस्त्याने. तो दुसरीकडे गुंतला असेल तर खेडहून, म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटरवरून. रसायनाची किंवा मोठ्या तेलाची आग असेल आणि फेसाची गाडी लागणार असेल तर ती लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतून मागवावी लागेल, आणि ती त्याहूनही लांब. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, म्हणजे एनडीआरएफची, महाराष्ट्राची पाचवी बटालियन पुण्याजवळ तळेगावच्या बाजूला सुदुंबरे इथे आहे. तिथून निघालेली तुकडी घाट उतरून येईपर्यंत अर्धा दिवस सरतो. समुद्रात काही झालं तर तटरक्षक दल. त्यांचं ठाणं आणि हवाई तळ रत्नागिरीला आहे, आणि शोध-बचावाचं समन्वय केंद्र मुंबईत.

पथकं आहेत, तरबेज आहेत, पण लांब आहेत. म्हणून पहिला अर्धा-पाऊण तास तुमचा आहे. त्या वेळात दोन गोष्टी साधल्या तर बरंच काही वाचतं. पहिल्याच मिनिटाला योग्य ठिकाणी योग्य वर्दी जायला हवी, आणि वाचवायला गेलेला माणूसच दुसरा बळी ठरता कामा नये. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं घडतं. आधी सगळे धावतात, जमेल ते करून पाहतात, हाताबाहेर गेलं की कुणाला तरी फोनची आठवण होते. तेव्हा वीस मिनिटं गेलेली असतात.

वर्दी देण्यापासून सुरुवात करू. पोलीस, आग, रुग्णवाहिका असं काहीही हवं असेल तर ११२ लावा. आगीसाठी १०१ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८. पण गावातून १०१ लावल्यावर फोन नेमका कुठे लागतो याची खात्री नसेल, तर ११२ बरा. एक मात्र ध्यानात ठेवा : ११२ चा फोन उचलणारी व्यक्ती दापोलीत बसलेली नसते. हे कॉल नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत घेतले जातात. तिथल्या माणसाला हर्णेशेजारचं पाजपंढरी ठाऊक असेल असं धरून चालू नका. ‘मुरूडला माणूस बुडतोय’ एवढंच सांगितलंत तर त्याच्या डोळ्यापुढे रायगडातलं मुरूड-जंजिरा येण्याचीच शक्यता जास्त. म्हणून गावाच्या नावाला तालुका आणि जिल्हा जोडायची सवय लावा : ‘मुरूड, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी’, ‘हर्णे बंदर, तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी’. त्यानंतर खूण सांगा. कनकदुर्गाचं दीपगृह, फत्तेगड, गोवा किल्ला, मासळीच्या लिलावाची जागा, पाजपंढरीचं वळण. मग काय झालं, किती माणसं अडकली, आत गॅस किंवा डिझेल आहे का, गाडी कुठपर्यंत जाऊ शकते. समोरचा माणूस ‘ठीक आहे’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. फोन संपला की एखाद्या पोराला बॅटरी देऊन मुख्य रस्त्याच्या फाट्यावर उभं करा. रात्री अनोळखी गाडी फाटा चुकली तर दहा मिनिटं सहज जातात.

समुद्रातल्या संकटाची वर्दी वेगळी. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा बिनशुल्क क्रमांक आणि सागरी पोलिसांचा १०९३. रेंज गेली असेल तर व्हीएचएफ संचावर १६ नंबरची वाहिनी. ‘मेडे’ हा शब्द तीनदा, मग बोटीचं नाव, जीपीएसवरची जागा, काय झालं, किती माणसं, एवढं सावकाश आणि दोनदा बोला. बोटीवर डॅट, म्हणजे संकट-संदेश पाठवणारं यंत्र, असेल तर त्याचं बटण दाबल्यावर उपग्रहामार्फत संदेश तटरक्षक दलाकडे जातो. हे यंत्र कुठे ठेवलंय आणि कसं चालवायचं हे फक्त तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, ठाऊक असून भागत नाही. तांडेलच पाण्यात पडला तर? प्रत्येक खलाशाला, वर्षभरासाठी बाहेरून कामाला आलेल्या मुलालासुद्धा, ते हातात घेऊन दाखवा.

आता बोटीवरची आग. हर्णेचं बंदर म्हणजे किनाऱ्यापासून आत नांगरून ठेवलेल्या बोटी. मासळी छोट्या होडीतून आणि बैलगाडीतून वाळूवर येते, आणि तिथेच लिलाव होतो. त्यामुळे बंब वाळूपर्यंत आला तरी बोटीपर्यंत पोचू शकत नाही. समुद्रातल्या बोटीची आग बोटीवरच्या माणसांनी विझवायची किंवा बोट सोडायची. तिसरा पर्याय म्हणजे बाहेरची मदत, ती पोचेल तेव्हा पोचेल.

आग बहुतेक दोनच ठिकाणी सुरू होते, इंजिनाच्या खोलीत किंवा जेवण करायच्या शेगडीपाशी. इंजिनाची आग असेल तर इंजिन बंद करा, डिझेलचा कॉक बंद करा, आणि झाकण लावा. झाकण लावणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि माणसाच्या स्वभावाविरुद्धचं काम आहे, कारण प्रत्येकाला आत काय चाललंय ते पाहायचं असतं. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की आगीला ताजी हवा मिळते. फटींवर ओले बारदान टाका. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं असेल तर लहान फटीतून आत सोडा आणि पुन्हा बंद करा. धूर थांबला म्हणून लगेच उघडू नका. लोखंड तापलेलं असतं, हवा मिळताच डिझेलची वाफ पुन्हा पेटते.

जळत्या डिझेलवर बादलीने पाणी मारू नका. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, ते पाण्यावर तरंगत पुढे जातं आणि आगही सोबत नेतं. तिथे कोरडी पावडर किंवा फेस लागतो. लाकूड, दोर, जाळी पेटली असतील तर मात्र पाणीच योग्य, आणि ते भरपूर मारा. नायलॉनची जाळी वितळून थेंब थेंब गळते आणि कातडीला चिकटते, म्हणून उघड्या हाताने ती ओढायला जाऊ नका.

बोट वाऱ्याच्या कुठल्या अंगाला आहे हेही बघा. आग मागच्या बाजूला असेल तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वाऱ्याकडे करा, म्हणजे ज्वाळा माणसांपासून दूर जातील. माणसं पुढे जमवा, लाइफ जॅकेट आधी घाला, मग विझवायला लागा. शेजारी दोराला दोर लावून बोटी उभ्या असतील तर जळती बोट ओढण्याच्या भानगडीत न पडता चांगल्या बोटींचे दोर कापून त्या बाजूला न्या. जळत्या बोटीवर सिलिंडर असतो. तो तापून फुटला तर मदतीला जवळ आलेल्या होडीतली माणसं सगळ्यात आधी सापडतात.

अग्निशामक नळकांड्याबद्दल एक गैरसमज दूर व्हायला हवा. सहा किलोचं एबीसी पावडरचं नळकांडं साधारण पंधरा-वीस सेकंदच चालतं, पुढे काही नाही. लहान आग विझवण्यासाठी आणि सुटायला वाट करण्यासाठी ते असतं, पेटलेली बोट विझवण्यासाठी नाही. पिन काढा, नळी आगीच्या मुळाशी धरा, ज्वाळांच्या शेंड्यावर नव्हे, दांडा दाबा आणि डावीउजवीकडे फिरवा. पाठीमागे सुटायची वाट मोकळी हवी. आपल्या खाऱ्या हवेत या नळकांड्यांना गंज फार लवकर चढतो. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का ते दर महिन्याला बघा आणि नळकांडं उलटंसुलटं करून आतली पावडर मोकळी करा. बोटीच्या हादऱ्याने ती तळाशी घट्ट बसते. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटा नसतो, त्याचं वजन करूनच ते भरलेलं आहे का ते कळतं. आणि नळकांडं इंजिनाच्या खोलीत टांगू नका. आग तिथेच लागली तर ते हाताला कसं लागणार?

आता जे लिहितो आहे ते कृपा करून दोनदा वाचा, आणि बोटीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

बोटीतला मासळीचा खण बंद राहिला, त्यात थोडं बर्फाचं पाणी आणि कुजलेली मासळी उरली, की आत हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो आणि प्राणवायू कमी होतो. या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, वास गेला, हवा साफ झाली. तो खाली उतरतो आणि एक-दोन श्वासांत कोसळतो. वरचा माणूस पाहतो, सोबती पडला, तो उडी टाकतो. तोही पडतो. मग तिसरा. मुंबईच्या बंदरांत मच्छीमारांनी अशा प्रकारे जीव गमावलेले आहेत. साफसफाईचं रोजचं काम, बोट बंदरात उभी, समुद्र शांत, आणि तरी माणसं जातात. वादळात मरण्याची भीती सगळ्यांना असते, या मरणाची कुणालाच नसते. म्हणूनच ते जास्त धोक्याचं.

मोठ्या शहरातल्या बचाव पथकाकडे अशा जागेसाठी श्वसन उपकरणं असतात. पाठीवर दाबाखालची स्वच्छ हवा, तोंडावर घट्ट मुखवटा, कमरेला दोर, आणि वर तिपाईला कप्पी. हवेचं एक नळकांडं साधारण अर्धा ते पाऊण तास पुरतं, म्हणून आत गेलेल्याची वेळ बाहेरचा माणूस मोजत असतो. तोंडाला ओला रुमाल बांधून हे काम होत नाही. रुमाल धूळ अडवतो, वायू अडवत नाही, आणि नसलेला प्राणवायू तर मुळीच आणून देत नाही.

तेव्हा खण साफ करायचा असेल तर आदल्या रात्रीच झाकणं पूर्ण उघडी टाका. साचलेलं पाणी वरूनच पंपाने उपसा. हवा फेकणारा पंखा किंवा ब्लोअर लावून तळापर्यंत हवा पोचवा. उतरणाऱ्याच्या काखेखालून दोर बांधा आणि त्या दोराचं दुसरं टोक वर दोन माणसांच्या हातात असू द्या. त्याच्याशी सतत बोलत राहा. उत्तर आलं नाही की वर ओढा, विचारत बसू नका. मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण हा वायू ज्वलनशील आहे आणि घातक प्रमाणात असतानाही दिवा शांतपणे जळत राहू शकतो. दोर न बांधता उतरलेला माणूस पडला, तर कुणीही आत जायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी नाही. पंखा लावून हवा फेकत राहा, वरून गळ किंवा फासा टाकून कपड्यात किंवा पट्ट्यात अडकवता येतो का पाहा, आणि ११२ ला स्पष्ट सांगा की ‘बंद जागेत वायूने माणूस पडलाय, श्वसन उपकरणं लागतील’. हे वाक्य सांगितलंत तरच ते साहित्य असलेली गाडी निघेल. जुनी बंद विहीर, शौचालयाची टाकी, यांनाही हेच लागू.

किनाऱ्यावर बुडणाऱ्या माणसाचं गणितही असंच आहे. कर्दे, मुरूड, हर्णे, लाडघर, आंजर्ले या किनाऱ्यांवर सुट्टीच्या दिवसांत देशावरून आलेली मंडळी पाण्यात उतरतात. नदीत, विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला समुद्राची ओढ समजत नाही. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने परत जातं. वरून पाहिलं तर तो पट्टा उलट शांत दिसतो, कारण तिथे लाट फुटत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. पाठीवर तरंगा, हात वर करून हाक मारा आणि किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका. पट्टा अरुंद असतो, बाजूला झालात की लाटाच तुम्हाला आत आणतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीचं पाणी जास्त चढतं-उतरतं, ओढही जास्त असते. पाण्यात उतरण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्याला विचारा. गावातल्या मंडळींनीही विचारायची वाट न पाहता सांगावं.

काठावरून पाहणाऱ्याने लगेच उडी टाकू नये. बुडणारा माणूस हाताला येईल ते घट्ट धरतो आणि वाचवणाऱ्याच्या खांद्यावर चढतो. त्याच्याकडे तरंगणारं काहीतरी फेका. यासाठी प्रत्येक किनाऱ्यावरच्या टपरीत, लॉजवर, होडीत एक साधन सहज तयार ठेवता येईल. वीस लिटरचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घ्या, झाकण घट्ट लावा, मुठीला पंचवीस-तीस मीटर दोर बांधा. कॅन अगदी रिकामा असला तर वाऱ्याने भरकटतो, म्हणून त्यात लोटाभर पाणी ठेवा, मग तो नेम धरून लांब जातो. कॅन माणसाच्या पलीकडे फेका आणि दोर ओढत त्याच्या हातापर्यंत आणा. एका कॅनवर मोठा माणूस आरामात तरंगतो. दोर गुंतू नये म्हणून वेटोळं करून टांगून ठेवा आणि दुसऱ्या कशाला वापरू नका.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर त्याला उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं हे सगळं थांबवा. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं. कठीण जमिनीवर उताणं झोपवा, डोकं मागे करून हनुवटी उचला, नाक दाबून तोंडाने श्वास द्या. बुडालेल्या माणसाला आधी श्वास लागतो. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून पाच ते सहा सेंटीमीटर खोल दाब द्या, मिनिटाला शंभर ते एकशे वीस या गतीने. तीस दाब, दोन श्वास, तीस दाब, दोन श्वास. दमलात की दुसऱ्याने घ्यावं, पण खंड पडू देऊ नका. दरम्यान कुणीतरी १०८ लावलेला असला पाहिजे. आणि शुद्धीवर आला, बोलायला लागला, म्हणून त्याला घरी पाठवू नका. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देतं. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवाच.

वाळूत रुतणाऱ्या गाड्यांबद्दलही सांगायला हवं. ओहोटीला कडक दिसणाऱ्या ओल्या वाळूवर पर्यटक गाडी घालतात, चाक रुततं, आणि भरती येते. गाडी वाचवण्याच्या नादात माणसं कंबरभर पाण्यात उभी राहतात. पाणी टायरला लागलं की माणसं बाहेर काढा, गाडीचा विमा असतो.

घरातल्या आणि लॉजमधल्या आगीविषयी थोडक्यात. गॅसचा वास आला तर बटण चालू करू नका आणि चालू असलेलं बंदही करू नका, दोन्हीत ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन करा. हा गॅसगळतीचा बारमाही क्रमांक आहे. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत पसरतो, आणि बोटीत तर तळाशी साचून राहतो. वास आलेला असताना बोटीचं इंजिन सुरू करणं किंवा विजेचा पंप लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण. सिलिंडरच्या तोंडाशी ज्योत पेटली असेल आणि कॉक बंद करता येत नसेल, तर ज्योत विझवण्यापेक्षा लांबून पाणी मारून सिलिंडर थंड ठेवा. विझलेल्या ज्योतीतून सुटणारा गॅस खोलीभर पसरून पुन्हा पेटला तर घर उडतं. कढईतलं तेल पेटलं तर पाणी नको, आच बंद करा आणि झाकण सरकवा.

गेल्या काही वर्षांत दापोलीच्या किनारपट्टीवर घरगुती निवास आणि रिसॉर्टं भराभर वाढली. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. तो लागू असलेल्या इमारतींत यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची असते, आणि परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यावं लागतं. कायद्याच्या कक्षेत आपली चार खोल्यांची जागा येते की नाही हा वाद बाजूला ठेवा. खिडक्यांना पक्के लोखंडी गज आणि उतरायला एकच जिना, अशा खोलीत तुम्ही पाहुण्यांचं कुटुंब झोपवता. त्यातली एक तरी खिडकी आतून उघडणारी करा, जिन्याखाली सिलिंडर आणि गाद्यांचा ढीग ठेवू नका, आणि पाहुणे आले की चावी देतानाच बाहेर पडायची वाट दाखवा. बागायतदारांसाठी एवढंच : जाळपट्टा डिसेंबर-जानेवारीतच, गवत पुरतं वाळण्याआधी काढा, आणि वणवा रानाकडून येताना दिसला तर वन विभागाचा १९२६ लावा.

घाटातला अपघात, पूर, वादळ यांची पथकं वेगळी असतात. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस पोलादपूरच्या आंबेनळी घाटात शेकडो फूट खोल दरीत कोसळली आणि तीस जण गेले. दापोलीतल्या कितीतरी घरांत ती जखम अजून ओली आहे. धुक्यात, पावसात त्या दरीत दोर सोडून उतरले ते महाबळेश्वर-पोलादपूर परिसरातले गिर्यारोहक, आणि नंतर एनडीआरएफचे जवान. दोरावरचं बचावकार्य हे स्वतंत्र कसब आहे. दरीत गाडी गेली असेल तर वर्दी देताना ‘दोरावरचं पथक लागेल’ असं सांगा, आणि कठड्यावर गर्दी होऊ देऊ नका. वरून सुटलेला एक दगड खाली उतरलेल्याचा जीव घेऊ शकतो. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा रस्तेच बंद असल्याने बाहेरून येणाऱ्या पथकांना वेळ लागला, आणि पहिले तास लोकांनी एकमेकांच्या आधाराने काढले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडात खांब, झाडं आडवी पडली आणि वीज, फोन दोन्ही गेले. अशा वेळी वरचे सगळे क्रमांक निरुपयोगी असतात. म्हणून वादळाचा इशारा आला की चार्ज केलेली बॅटरी, व्हीएचएफ संच, पिण्याचं पाणी, कुऱ्हाड-करवत आणि दोर एका ठिकाणी काढून ठेवा. तीन नंबरचा बावटा लागला की बोटी आंजर्ल्याच्या खाडीत किंवा दाभोळला वेळेवर हलवा, आणि नांगरलेल्या बोटीवर राखणीला माणूस ठेवू नका. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तिथे आधीच बोलून ठेवलं तर नंतर फोन लागला नाही तरी तुमची माहिती त्यांच्याकडे असते.

बंब आल्यावरचं कामही तुमचंच. लहान गावातल्या बंबात साधारण साडेचार-पाच हजार लिटर पाणी असतं. पंप पूर्ण जोराने चालला तर ते काही मिनिटांत संपतं. तेव्हा जवळची बारमाही विहीर कुठे आहे, तिच्यापर्यंत गाडी जाते का, पाणी किती खोल आहे हे सांगणारा माणूस तिथे हजर हवा. शोषण नळीने सात मीटरच्या खालचं पाणी ओढता येत नाही, त्यामुळे खोल विहिरीसाठी बुडी पंप लागेल. गाडी वाळूवर बोलावू नका. वीज तोडल्याची खात्री महावितरणच्या माणसाकडून झाल्याशिवाय पाण्याचा फवारा तारांकडे जाऊ देऊ नका. आणि आत काय साठवलंय ते खरं सांगा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज पेटलं. त्यात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकत्र भरलेली होती. स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, आणि त्यांच्याच स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबईचे मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी आपण गमावले. इतकी साधनं, इतका अनुभव असलेली माणसंही जातात. परवाना नसलेलं डिझेल मागच्या खोलीत आहे, हे दंडाच्या भीतीने लपवलंत तर तुम्ही आत जाणाऱ्या जवानाचा जीव पणाला लावता.

हर्णेला काय हवं हेही बोललं पाहिजे. इतक्या बोटींच्या बंदरावर किमान एक वाहून नेता येणारा पंप, फेसाचं साहित्य, दोन श्वसन उपकरणं आणि ती वापरायला शिकवलेली दहा-बारा माणसं असणं ही चैन नाही. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवकांना बारा दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. मच्छीमार सोसायट्या, ग्रामपंचायत आणि रिसॉर्टवाल्यांनी मिळून आपली तरुण मुलं त्यासाठी पाठवावीत, आणि पंप व श्वसन उपकरणांची मागणी ग्रामसभेच्या ठरावाने तहसीलदारांकडे लेखी नोंदवावी. तोंडी मागणीचा पाठपुरावा होत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला काढलेली असतात, खलाशी गावी असतात. या दोन महिन्यांत तांडेलांनी एक दिवस काढावा. नळकांडी तपासून भरून घ्यावीत, डिझेलचा कॉक हाताने बंद होतो का ते पाहावं, डॅट आणि व्हीएचएफ चालू करून बघावेत, लाइफ जॅकेटं माणसांइतकी आहेत का ते मोजावं, आणि ११२, १५५४, १०९३, १०८, १०७७ हे पाच क्रमांक केबिनच्या दारावर रंगाने लिहावेत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देण्याआधी एवढं काम झालेलं असू द्या.